निगेटिव्ह... पण कागदाची!

'निगेटिव्ह' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? आईच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात खुपसून ठेवलेली ती चॉकलेटी पट्टी. उजेडासमोर धरली की सगळ्या वऱ्हाडाचे केस पांढरे आणि दात काळे! आपल्या पिढीचा निगेटिव्हशी संबंध आला तो एवढाच. आपल्याला कळायला लागलं तेव्हा घरात डिजिटल कॅमेरा होता, आणि दहावीला पोहोचेपर्यंत तोही मोबाइलच्या पोटात गेला.

पण निगेटिव्ह फिल्मचीच असली पाहिजे असा काही नियम नाही. फोटो ज्याच्यावर छापतात तो ब्लॅक अँड व्हाइट फोटोपेपर सरळ कॅमेऱ्यात ठेवायचा, त्याच्यावरच फोटो घ्यायचा, डेव्हलप करायचा, आणि त्या कागदी निगेटिव्हवरून दुसऱ्या कागदावर पॉझिटिव्ह छापायचा. मी गेले आठ महिने सबमिशन आणि व्हायवा सांभाळून हाच उद्योग करतेय. ते कसं चालतं, कुठे अडतं आणि अडलं की काय करायचं, ते इथे सांगते. फिजिक्स फर्स्ट इयरचंच आहे, घाबरू नका. आणि मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क कापू नका!

आधी कॅमेऱ्याबद्दल. साध्या छोट्या कॅमेऱ्यात कागद घालून फार उपयोग नाही. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट असते २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी. तेवढ्याशा कागदावरून फोटो मोठा करायला गेलं तर कागदाचा पोतसुद्धा मोठा होऊन फोटोत उतरतो. लार्ज फॉरमॅट म्हणजे ४ बाय ५ इंच किंवा त्याहून मोठी निगेटिव्ह. तिथे मोठं करायची गरजच नसते. निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढा. शिवाय ह्या कॅमेऱ्यात रीळ नसतं, एका वेळी एकच पान घालायचं असतं. ते पान फिल्मचं की कागदाचं, कॅमेऱ्याला काय फरक पडतो?

ही आयडिया नवीन आहे असं मात्र समजू नका. आज जी सगळ्यात जुनी निगेटिव्ह शिल्लक आहे ती कागदाचीच आहे. इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट ह्या माणसाने ऑगस्ट १८३५ मध्ये स्वतःच्या घराच्या एका खिडकीची ती घेतली. १८४१ साली त्याने ह्या पद्धतीत सुधारणा करून पेटंट घेतलं आणि तिला नाव दिलं 'कॅलोटाइप'. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द फोटोग्राफीत आणले जॉन हर्षेलने, म्हणजे तोच तो खगोलशास्त्रज्ञ.

आणि हे सगळं सातासमुद्रापलीकडेच राहिलं असंही नाही. १८५४ साली आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, कंपनी सरकारने बॉम्बे आर्टिलरीतल्या कॅप्टन थॉमस बिग्ज ह्याला मुंबई इलाख्यातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायच्या कामावर नेमलं. विजापूर, बदामी, ऐहोळे इथली कामं त्याने कागदाच्या निगेटिव्हवर केली. तेव्हा काचेच्या प्लेटची पद्धत निघालेली होती (१८५१). पण तिच्यात काचेला रसायन लावून, ते ओलं असतानाच फोटो घेऊन, ओलं असतानाच डेव्हलप करावं लागायचं. विजापूरच्या उन्हात हे किती जमेल, विचार करा! कागद हलका, फुटत नाही, आणि आधी तयार करून ठेवता येतो.

पुढे काच आली, मग फिल्म आली, आणि कागद फक्त प्रिंटपुरता उरला. एक अपवाद म्हणजे रस्त्यावरचा 'मिनिट कॅमेरा'. कोर्टाबाहेर, सरकारी ऑफिसबाहेर तिकाटण्यावर लाकडी पेटी घेऊन बसणारे फोटोवाले आजीआजोबांच्या पिढीला आठवत असतील. ती पेटी म्हणजे कॅमेरा आणि डार्करूम टू-इन-वन. बाजूला कापडी बाही, तिच्यातून हात आत घालायचा. आतमध्ये कागद, डेव्हलपर आणि हायपो. गिऱ्हाइकाचा फोटो कागदावर घ्यायचा, आतल्या आतच निगेटिव्ह तयार करायची, मग ती ओली निगेटिव्ह लेन्ससमोरच्या फळीवर चिकटवून तिचाच परत फोटो काढायचा. निगेटिव्हची निगेटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह! मायनस इनटू मायनस प्लस. अफगाणिस्तानात ह्याच कॅमेऱ्याला 'कामरा-ए-फौरी' म्हणतात. त्याची गोष्ट पुढे येणार आहे, कारण तिथल्या फोटोवाल्यांनी माझ्याच अडचणीवर एक उत्तर शोधलेलं होतं.

आता माझी अडचण. आमचं घर नावडे गावातलं. फाट्यावरून आत आलात की एका बाजूला सिडकोचे टॉवर आणि दुसऱ्या बाजूला आमच्यासारखी जुनी घरं. आजीचं वय ७९. तळोज्याला एमआयडीसी यायच्या आधी आमची भातशेती होती. तिचं सगळं आयुष्य उन्हात आणि चिखलात गेलंय. तिचा एकटीचा धड असा एकही फोटो घरात नाही. लग्नातल्या ग्रुप फोटोत ती काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढी दिसते, आणि आधार कार्डवरचा फोटो तर तिचा आहे हेसुद्धा सांगावं लागतं. मोबाइलवर काढलेत ना, शेकडो काढलेत. पण मोबाइल बदलला की ते जातात कुठे, कोणाला माहीत. मला भिंतीवर लावायला तिचा एक फोटो हवा होता, हातात धरता येईल असा आणि कोणाच्या पासवर्डवर अवलंबून नसलेला.

फिल्मच का नाही घेतली? महाग पडते. मी चौकशी केली तेव्हा लार्ज फॉरमॅट फिल्मच्या एका पानाच्या किमतीत फोटोपेपरची पाचेक पानं येत होती. एकेकाळी उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी (स्थापना १९६०) 'इंदू' नावाने फिल्म आणि कागद दोन्ही इथेच बनवायची. ती बंद पडली. आता जे काही मिळतं ते बाहेरून आलेलं. त्यामुळे प्रयोगासाठी कागदच बरा. दुसरं म्हणजे कागदावर लाल दिव्यात काम करता येतं. फिल्म मिट्ट काळोखात हाताळावी लागते. कागद ट्रेमध्ये टाकल्यावर लाल उजेडात चेहरा हळूहळू उमटताना बघायला मिळतो. ही मजा खरंच एकदा बघाच!

कॅमेरा मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी वर्कशॉपमध्ये उरलेल्या प्लायवूडचा केला. एका खोक्यात दुसरं खोकं, काडेपेटीसारखं मागेपुढे सरकणारं. आतून काळा मॅट रंग. एका बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनमधून २१० मिलिमीटरची लेन्स मिळाली. नियम असा की लेन्सची फोकल लेंग्थ निगेटिव्हच्या कर्णाएवढी असली की साधारण नॉर्मल दृश्य मिळतं. ५ बाय ७ इंचाच्या कागदाचा कर्ण पायथागोरसप्रमाणे ८.६ इंच, म्हणजे २१८ मिलिमीटर. २१० म्हणजे अगदी फिट! मागे फोकस बघायला काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवला. ईडीच्या शीट्सचा एवढा चांगला उपयोग आयुष्यात झाला नव्हता. त्या कागदावर आजी उलटी दिसते, पाय वर डोकं खाली, पण त्याची सवय होते.

ज्यांना झेरॉक्सची लेन्स मिळणार नाही त्यांनी साधं भिंग वापरायला हरकत नाही, मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या भिंगात निळा उजेड पिवळ्या-हिरव्यापेक्षा जास्त वळतो, म्हणून तो लेन्सच्या जवळ फोकस होतो. आपला डोळा फोकस बघतो तो पिवळ्या-हिरव्यावर, आणि कागद बघतो निळा. साध्या काचेच्या २०० मिलिमीटर भिंगात हा फरक सुमारे ३ मिलिमीटर येतो. म्हणजे डोळ्याने फोकस नीट लावल्यावर लेन्स कागदाकडे ३ मिलिमीटर सरकवायची, नाहीतर फोटो धूसर. झेरॉक्सच्या लेन्समध्ये दोन-तीन प्रकारच्या काचा वापरून हा दोष आधीच काढलेला असतो.

आता मुख्य मुद्दा, वेग. मोबाइलचा सेन्सर किंवा नेहमीची फिल्म साधारण १०० आयएसओच्या आसपास किंवा त्याच्या पुढे. फोटोपेपर निगेटिव्ह म्हणून वापरला तर त्याला साधारण ३ ते ६ आयएसओ धरतात. माझ्या कागदाला ६ बरोबर बसला. हिशोबासाठी जुन्या फोटोग्राफरांचा एक नियम आहे. लख्ख उन्हात एफ १६ छिद्र ठेवलं की वेळ द्यायचा 'एक भागिले आयएसओ' सेकंद. म्हणजे ६ आयएसओला एक षष्ठांश सेकंद. सावलीत त्याच्या आठपट, म्हणजे सव्वा-दीड सेकंद. सगळे म्हणतात कागद मंद आहे, कागद मंद आहे. अहो, पण मंद आहे म्हणूनच शटर लागत नाही! दोन-चार सेकंदांचं एक्सपोजर डब्याचं झाकण काढून आणि परत लावूनही देता येतं. आमच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण आहे, आतून काळं फडकं लावलेलं. शटर विकत घ्यायला गेलो असतो तर तिघींचा पॉकेटमनी संपला असता.

पण मंदपणापेक्षा मोठी भानगड म्हणजे कागदाचं रंगांधळेपण. चांदीची ती संयुगं (सिल्व्हर ब्रोमाइड आणि मंडळी) मुळात फक्त निळा आणि अल्ट्राव्हायोलेट उजेडच ओळखतात. १८७३ साली हर्मान फोगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाला सापडलं की त्यांच्यात विशिष्ट रंग मिसळले तर ती बाकीचे रंगही बघायला लागतात. त्यातूनच पुढे सगळे रंग बघणारी फिल्म आली. कागदाला मात्र मुद्दामच लाल दिसू देत नाहीत, नाहीतर लाल दिव्यात काम कसं करणार? म्हणजे जी सोय, तीच गैरसोय.

ह्याचा परिणाम बघायचा तर दसऱ्याला काढलेली आमच्या दाराची निगेटिव्ह छापून बघा. झेंडूचं तोरण कोळशासारखं काळं. आभाळ कोरं पांढरं, ढगबिग काही नाही. कुंकू काळं. सोन्याची नथ पितळेची नाही, लोखंडाची वाटते! जुन्या काचेच्या प्लेटांवरच्या फोटोंत कुंकू एवढं ठसठशीत काळं दिसतं त्याचंही कारण हेच.

आणि चेहरा? इथेच खरी गडबड आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन लाल उजेड बराच परतवतं, हिरवा कमी आणि निळा सगळ्यात कमी. रक्तातलं हिमोग्लोबिनही निळा उजेड गिळतं. म्हणजे निळ्या चष्म्यातून बघितलं तर जगातल्या कोणाचीही त्वचा आहे त्याहून गडद दिसणार. गोऱ्या माणसाची थोडी, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसाची चांगलीच. आजीचा पहिला टेस्ट प्रिंट मी फक्त ह्या गोष्टीचा अंदाज घ्यायला काढला होता. ओसरीवर, सावलीत, काहीही जोड न देता. तो वाळत घातलेला तिने बघितला. बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "येवरी काली? मी गो?"

मी तिला निळा उजेड वगैरे समजावत बसले, पण तिच्या दृष्टीने फोटो म्हणजे फोटो. आणि तिचं बरोबरही होतं. फोटोत आमच्या सागाच्या दाराची चौकट आणि आजीचा चेहरा एकाच काळ्या रंगात मिसळून गेले होते. प्रत्यक्षात कोणीही बघावं, आजी त्या चौकटीपेक्षा कितीतरी उजळ आहे. म्हणजे कागद साफ खोटं बोलत होता. ह्यावरून मला एक मोजमाप मिळालं. फोटोत चेहरा आणि चौकट डोळ्याला दिसतात तेवढ्या फरकाने वेगळी दिसली पाहिजेत. त्याहून कमी नाही आणि त्याहून जास्तही नाही!

उपाय दोन टप्प्यांत आहे. पहिला कॉन्ट्रास्टचा. फिल्म दहा स्टॉपपेक्षा जास्त फरक पकडते. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) फोटोपेपर दोन नंबरच्या ग्रेडवर जेमतेम साडेतीन स्टॉप पकडतो, आणि सगळ्यात मवाळ फिल्टर लावला तर सहाच्या आसपास. कारण तो निगेटिव्हवरून छापण्यासाठी बनवलेला आहे, उन्हातलं जग बघण्यासाठी नाही. म्हणून सरळ फोटो काढला की पांढरं लुगडं जळून जातं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात.

ह्याच्यावरची युक्ती म्हणजे प्री-फ्लॅशिंग. कॅमेऱ्यात घालण्याआधीच कागदाला अगदी मंद, सगळीकडे सारखा उजेड द्यायचा. ऐकायला विचित्र वाटतं, की फोटो काढायच्या आधीच कागद थोडा 'खराब' करायचा? पण हिशोब बघा. समजा सावलीतून कागदावर १ युनिट उजेड येतोय आणि उन्हातून ३२. गुणोत्तर ३२:१, म्हणजे ५ स्टॉप. आता दोन्हीकडे आधीच १ युनिट देऊन ठेवला. सावलीत झाले २, उन्हात ३३. गुणोत्तर साडेसोळाला एक, म्हणजे सुमारे ४ स्टॉप! सावलीतला उजेड दुप्पट झाला आणि उन्हाला पत्ताही लागला नाही. आतली गोष्ट अशी आहे की चांदीच्या प्रत्येक कणाला डेव्हलप होण्यासाठी किमान काही फोटॉन लागतात. त्याहून कमी आले तर ते फुकट. प्री-फ्लॅशने आपण प्रत्येक कणाला उंबरठ्यापर्यंत आणून ठेवतो, मग अंधुक सावलीतले थोडेसे फोटॉनही कामी येतात. (अर्धं जर्नल आधीच लिहून ठेवलं की सबमिशनच्या रात्री जे होतं, तसंच!)

वेळ कसा काढायचा? एका छोट्या टॉर्चवर काळा कागद लावून त्याला सुईने भोक पाडलं, टॉर्च दीड मीटर उंच टांगला, आणि कागदाच्या पट्टीला १, २, ३, ४ असे सेकंद देत गेले. डेव्हलप केल्यावर जिथे पहिल्यांदा पुसटसा राखाडी दिसतो, त्याच्या आधीचा वेळ आपला. प्रत्येकाच्या टॉर्चचा आकडा वेगळा येणार, म्हणून माझा आकडा सांगण्यात अर्थ नाही.

दुसरा टप्पा रंगाचा. इथे मल्टिग्रेड कागद कामाला येतो. साधा कागद फक्त निळा बघतो, पण मल्टिग्रेडमध्ये हिरवा बघणारा इमल्शनचा भागही असतो. निळ्याला तो जास्त कॉन्ट्रास्ट देतो, हिरव्याला कमी. म्हणून लेन्ससमोर पिवळा फिल्टर लावायचा. निळा अडतो, हिरवा जातो. एका दगडात दोन पक्षी! कॉन्ट्रास्ट उतरतो आणि त्वचा हिरव्या उजेडात दिसते, जी निळ्यातल्यापेक्षा उजळ आणि डोळ्याला दिसते त्याच्या जवळची असते. फिल्टर म्हणून मी गॅदरिंगच्या लाइटवाल्याकडचा पिवळा जिलेटिन पेपर वापरला. लाल उजेड कागदाला तरीही दिसत नाही, त्यामुळे कुंकू काळंच राहतं. त्याला इलाज नाही.

किंमत मोजावी लागते ती वेळेत. फिल्टरमुळे चौपट वेळ लागला. आता पूर्ण हिशोब करूया. एफ १६ ला उन्हात १/६ सेकंद. मी छिद्र एफ ११ ठेवलं (२१० भागिले ११, म्हणजे काळ्या कार्डाला १९ मिलिमीटरचं भोक), म्हणून १/१२. सावलीत आठपट, म्हणजे ०.६७ सेकंद. फिल्टरचे चौपट, २.७. अजून एक राहिलं. आजी लेन्सपासून १.२ मीटरवर होती. एवढ्या जवळच्या गोष्टीला फोकस करायला लेन्स कागदापासून लांब न्यावी लागते, २१० ऐवजी २५५ मिलिमीटर. उजेड अंतराच्या वर्गाप्रमाणे पसरतो, म्हणून (२५५/२१०) चा वर्ग, जवळजवळ दीडपट. उत्तर आलं ४ सेकंद.

एफ ८ ठेवून वेळ निम्मा करता आला असता. पण मग चेहऱ्याचा जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटरचा भाग स्पष्ट येतो, आणि नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून जास्त असतं. म्हणून ११. चार सेकंद हलायचं नाही, हे ७९ वर्षांच्या बाईला जमेल का अशी मला शंका होती. खुर्ची भिंतीला टेकवली, डोकं भिंतीला टेकायला सांगितलं. आजी अशी बसली की मीच आधी डोळे मिचकावले. भाताच्या खळ्यावर राखण करत बसायची सवय असलेल्या माणसाला चार सेकंद म्हणजे काय! तुम्ही एखाद्या सेकंड इयरवाल्याला चार सेकंद गप्प बसवून दाखवा.

वेळ सकाळी अकराची होती. हेही महत्त्वाचं आहे. संध्याकाळचा सोनेरी उजेड फोटोसाठी सुंदर मानतात, पण त्याच्यात निळा फार कमी असतो. मोबाइलचा लाइट मीटर म्हणतो भरपूर उजेड आहे, आणि कागदाला काहीच दिसत नाही. पिवळ्या बल्बखाली तर विचारूच नका. उलट मोकळ्या आभाळाखालची सावली निळसर असते, ती कागदाला मानवते.

डार्करूम म्हणजे आमची मोरी. खिडकीला काळं प्लॅस्टिक, आणि लाल एलईडी. दिवा सुरक्षित आहे का ते बघायला कागदावर रुपयाचं नाणं ठेवून पाच मिनिटं लाल उजेडात सोडायचं आणि मग डेव्हलप करायचं. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बाद. डेव्हलपर मी कोडॅकच्या जुन्या डी-७२ फॉर्म्युल्याने केला. एक लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन चांदी मोकळी करतात, कार्बोनेट (आपला धुण्याचा सोडा) अल्कली पुरवतो, सल्फाइट मिश्रण लवकर खराब होऊ देत नाही, ब्रोमाइड नको तिथे काळं होऊ देत नाही. प्रिंटसाठी हे एकास दोन पाणी घालून वापरतात. निगेटिव्हसाठी मी एकास सहा केलं, म्हणजे डेव्हलपिंग सावकाश होतं आणि कॉन्ट्रास्ट अजून उतरतो. मेटॉलची काहींना अ‍ॅलर्जी येते, हातमोजे घालाच. आणि आपल्याकडच्या नळाचं पाणी मे महिन्यात तीस अंशांच्या वर जातं, तर पुस्तकातले सगळे वेळ वीस अंशांचे. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे लागतोच. त्यावरून घरी बोलणी बसतात, ती खायची.

निगेटिव्ह वाळली की कॉन्टॅक्ट प्रिंट. नवीन कागद तोंड वर करून, त्याच्यावर निगेटिव्ह तोंड खाली करून, वरून जाड काच, आणि वरून बल्बचा उजेड. निगेटिव्हमध्ये दारावरचं 'शुभ लाभ' उलटं दिसत होतं, आरशासारखं. तोंडाला तोंड लावून छापलं की ते आपोआप सुलटं होतं. निगेटिव्हसाठी प्लॅस्टिकचा थर असलेला आरसी कागद बरा, तो सपाट राहतो आणि धुवायलाही दोन-चार मिनिटं पुरतात. फक्त विकत घेताना मागची बाजू बघा. काही कंपन्या मागे आपलं नाव छापतात, आणि ते नाव मग तुमच्या आजीच्या कपाळावर उमटतं!

आता ती अफगाण गोष्ट. लुकास बर्क आणि शॉन फोली ह्या दोघांनी २०११ पासून अफगाणिस्तानातल्या पेटी कॅमेऱ्यांचा अभ्यास केला. तिथले फोटोवाले कागदी निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी मर्क्युरोक्रोम लावायचे, म्हणजे आपल्याकडे गुडघे फुटल्यावर लावायचे ते लाल औषध. कागदाला लाल उजेड दिसत नाही. त्यामुळे त्या लाल थरातून कागदाच्या कामाचा उजेड कमी जातो, आणि प्रिंटमध्ये चेहरा उजळ येतो. दोन-चार थेंबांत गोरं करायची सोय! काय डोकं आहे बघा, स्पेक्ट्रोस्कोपीचं पुस्तक न उघडता.

मी तेही करून बघितलं, एका जास्तीच्या निगेटिव्हवर. काम करतं. पण आजी भलतीच कोणीतरी दिसायला लागली, टीव्हीवरच्या क्रीमच्या जाहिरातीतल्या सासूसारखी. चेहरा आणि चौकट ह्यांच्यातला फरक डोळ्याला दिसतो त्याच्या पुढे गेला होता. माझ्या मोजमापाप्रमाणे हेही खोटंच, फक्त उलट्या बाजूचं. म्हणून भिंतीसाठी मी पिवळ्या फिल्टरचा आणि प्री-फ्लॅशचा प्रिंट ठेवला, लाल औषधाशिवाय. त्यात आजी सावळीच आहे. गालावरच्या सगळ्या सुरकुत्या आहेत, कानातल्या कुड्यांची भोकं लोंबलेली आहेत तीही आहेत, आणि चौकट तिच्यामागे वेगळी उभी आहे. तिन्ही प्रिंट तिच्यासमोर ठेवले, कुठला कशाने केला ते न सांगता. गोरा तिने लगेच बाजूला सारला, "ही कोन?" म्हणून. मधला हातात ठेवला.

एक काम शेवटी राहतं, वापरलेल्या हायपोचं. त्यात कागदावरची न वापरलेली चांदी विरघळलेली असते. ती मोरीत ओतू नका. आमच्याकडून ते पाणी कासाडी नदीकडे जातं, आणि तिच्यात एमआयडीसीचं आधीच पुरेसं गेलेलं आहे. हायपोच्या बाटलीत भांडी घासायची बारीक लोखंडी तार टाकून ठेवायची. लोखंड विरघळतं आणि चांदी खाली काळ्या गाळाच्या रूपात बसते. बारावीची डिस्प्लेसमेंट रिअ‍ॅक्शन. माझ्या बाटलीत सध्या अर्धा चमचा गाळ जमलाय. ह्यातून आजीची नथ काही होणार नाही, पण केमिस्ट्री लॅबच्या सरांनी तो तपासून बघायचं कबूल केलंय.

खोक्यात अजून अकरा पानं शिल्लक आहेत. भिंतीवरचा फोटो बघून आळीतल्या चार जणींनी नंबर लावलाय, सकाळी अकराचाच, आणि खुर्ची आपली आपण आणायच्या बोलीवर. पहिला नंबर आजीच्या बहिणीचा. ती वावंज्याला राहते, वय ८२, आणि तिने आधीच विचारून ठेवलंय की चार सेकंदांत खोकला आला तर पैसे परत मिळतात का.